इंग्रजीतले फ्रेंच शब्द कोणत्या कोशात बघावेत? ‘ऑन्ट्रे’ लावून घेतलेली परीक्षा

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या कामासाठी पैसे भरायची गरज नाही. केंब्रिज आणि मेरियम-वेब्स्टर हे दोन फुकट कोश शेजारी-शेजारी उघडे ठेवा, तिसऱ्या टॅबमध्ये फ्रेंचांचा स्वतःचा कोश ‘ट्रेझोर’ ठेवा, की भाषांतरात, मुद्रितशोधनात किंवा मेनूकार्ड लिहिताना अडणारे बहुतेक फ्रेंच शब्द मार्गी लागतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश अप्रतिम आहे, पण त्याची वर्गणी सगळ्यांनी भरावी असा तो नाही. आणि गूगलवर शब्द टाकला की सगळ्यात वर जी चौकट येते, तिच्यावर विसंबून फ्रेंच शब्द छापू नये.

कोश तपासायला एकच शब्द पुरतो, फक्त तो खोडकर हवा. ‘ऑन्ट्रे’ तसा आहे. अमेरिकेत आणि इंग्रजी बोलणाऱ्या कॅनडात ऑन्ट्रे म्हणजे जेवणातला मुख्य पदार्थ. फ्रान्समध्ये तो सुरुवातीचा पदार्थ. तिथल्या साध्या मेनूकार्डावर ऑन्ट्रे, प्ला, देसेर असे तीन कप्पे असतात आणि मुख्य पदार्थ ‘प्ला’खाली सापडतो. ऑस्ट्रेलियातही ऑन्ट्रे म्हणजे स्टार्टरच. आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंटला शिकवतात तो अभिजात फ्रेंच मेनू अजून तिसरंच सांगतो: सूप, मासळी वगैरे होऊन गेल्यावर येणारा पहिला मांसाचा पदार्थ, आकाराने छोटा, सजवलेला, स्वतःपुरता पूर्ण, त्यानंतर ‘रेलव्हे’, म्हणजे कापून वाढायचा मोठा तुकडा. अमेरिकेत जेवणाचे टप्पे कमी होत गेले, भाजलेल्या मांसाचा स्वतंत्र टप्पा गळला आणि त्यातल्या त्यात भरीव उरलेल्या ऑन्ट्रेकडे मुख्य पदार्थाची जागा गेली. शिवाय खाण्याशी संबंध नसलेला अर्थ आहेच: एखाद्या वर्तुळात मिळालेला शिरकाव.

म्हणजे दादरच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातला अर्थ घोकला आणि पुढे न्यू जर्सीतल्या हॉटेलात नोकरी धरली, तर पहिल्याच दिवशी ऑर्डर चुकेल. अमेरिकेतल्या लग्नाच्या निमंत्रणाबरोबर येणाऱ्या उत्तरपत्रावर ऑन्ट्रेसमोर चिकन, मासळी, शाकाहारी अशा चौकटी असतात. तिथे खूण केली ती मुख्य जेवणावर. चांगल्या कोशाने हे प्रदेशाप्रमाणे वेगळं करून दाखवलं पाहिजे.

केंब्रिजला या कसोटीत सगळ्यात जास्त गुण. ऑन्ट्रेखाली अमेरिकन अर्थावर ‘यूएस’ अशी खूण आहे, ब्रिटिश अर्थावर ‘यूके’ अशी, आणि ब्रिटिश अर्थात तो औपचारिक जेवणातला मुख्य पदार्थाआधीचा छोटा पदार्थ, हेही सांगितलं आहे. शिरकावाचा अर्थ वेगळा मांडला आहे. व्याख्या सोप्या इंग्रजीत असतात, कारण हा कोश मुळात इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. उच्चाराच्या दोन ध्वनिफिती असतात, ब्रिटिश आणि अमेरिकन. फ्रेंच शब्दांसाठी ही सोय फार मोलाची. ‘बुफे’, ‘बॅले’, ‘गॅरेज’ या शब्दांत ब्रिटिश माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि अमेरिकन शेवटच्या. मराठीत हे शब्द ब्रिटिशांकडून आले, म्हणून आपण ‘बुफे’ म्हणतो. अमेरिकेत तोच शब्द ‘बफेऽ’सारखा कानावर येतो. दोन्ही ध्वनिफिती लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच कळतो.

केंब्रिज कमी पडतो तो शब्दाच्या पूर्वजांबद्दल. व्युत्पत्ती जवळजवळ नाहीच. शब्द फ्रेंच आहे की लॅटिनमधून थेट आला, कधी आला, याची तिथे चौकशी करू नये. विरळ वापराचे वाक्प्रचारही बरेच गाळलेले आहेत.

मेरियम-वेब्स्टरची गोष्ट वेगळी. हा अमेरिकन घराण्याचा कोश. नोआ वेब्स्टरचा मूळ कोश १८२८चा, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी त्याचे हक्क १८४३ मध्ये घेतले. जाहिराती सोसल्या तर संकेतस्थळ फुकट आहे. त्यात एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात: मेरियम-वेब्स्टर अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो. जो अर्थ इंग्रजीत आधी आला तो पहिला, मग आज तो कोणी वापरो न वापरो. ऑन्ट्रेखाली आधी प्रवेश आणि शिरकाव येतात, जेवणातला मुख्य पदार्थ नंतर. घाईत पहिला अर्थ उचलणारा भाषांतरकार ‘तिने ऑन्ट्रे मागवला’ या वाक्यापाशी येऊन थबकतो. याउलट ऑक्सफर्डच्या आजच्या वापराच्या कोशांत चालू, मुख्य अर्थ आधी असतो. कोश उघडल्यावर हा क्रम कोणता आहे, ते आधी माहीत हवं.

मेरियम-वेब्स्टरचं खरं बळ तीन गोष्टींत आहे: अनेकवचन, पर्यायी लेखन आणि उच्चारावरच्या टिपा.

अनेकवचन घ्या. इंग्रजीत आलेला फ्रेंच शब्द काही वेळा फ्रेंच पद्धतीने चालतो, काही वेळा इंग्रजी, आणि काही वेळा दोन्ही. ‘ब्युरो’चं अनेकवचन एस लावूनही होतं आणि फ्रेंचप्रमाणे एक्स लावूनही. ‘कल-द-सॅक’मध्ये (बंद गल्ली) एस पहिल्या शब्दाला लागतो, पण शेवटी लावलेलंही आता कोश मान्य करतात. ‘फेत अकॉम्प्ली’ला (आधीच घडून गेलेली गोष्ट) मात्र दोन्ही शब्दांना एस लागतो. ‘कू देता’मध्ये (सत्तापालट) तो फक्त ‘कू’ला लागतो आणि उच्चारात ऐकूच येत नाही. ‘ऑर्दव्र’ (जेवणाआधीचे छोटे पदार्थ) हा तर मजेशीर नग: फ्रेंचमध्ये तो अनेकवचनातही बदलत नाही, इंग्रजीत त्याला सर्रास एस लागतो. मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला या एका एसमुळे संपादकाची लाल रेघ मिळते. मेरियम-वेब्स्टर अनियमित अनेकवचन मथळ्याच्या जवळच देतो, खाली शोधत बसावं लागत नाही.

पर्यायी लेखनाचंही तसंच. ‘रेझुमे’ शब्दात दोन ई आहेत आणि फ्रेंचमध्ये दोन्हींवर तिरपी रेघ असते. इंग्रजीत दोन्हींवर रेघ, एकीवरही नाही, आणि फक्त शेवटच्या ई वर, अशी तिन्ही रूपं छापली जातात, आणि कोश तिन्हींची नोंद घेतो. रेघ काढून टाकली की हा शब्द ‘पुन्हा सुरू करणे’ या क्रियापदासारखा दिसतो, म्हणून शेवटची तरी रेघ ठेवावी असं माझं मत. ‘पाते’ या खाद्यपदार्थात तर ती काढूच नये. काढली की उरतं ते डोक्याच्या टाळूसाठीचं जुनं इंग्रजी नाम. जिथे दुसऱ्या शब्दाशी गोंधळ होत नाही, उदाहरणार्थ ‘कॅफे’ किंवा ‘डेपो’, तिथे रेघ गेली तरी काही बिघडत नाही. डेपोवरच्या दोन्ही खुणा इंग्रजीत केव्हाच गळल्या. एसटीच्या बोलण्यात तर त्या कधी नव्हत्याच.

इथे मराठी छपाईतली एक अडचण सांगायला हवी, कारण कोणताही इंग्रजी कोश ती सांगणार नाही. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रं त्याच क्रमांकांवर बसवलेली असतात, ज्यांवर एरवी रेघवाली फ्रेंच अक्षरं असतात. कोशातून ‘ऑन्ट्रे’ कॉपी करून मराठी मजकुरात चिकटवला, की शेवटच्या रेघवाल्या ई च्या जागी भलतंच देवनागरी जोडाक्षर उमटतं. पडद्यावर ते लक्षात येत नाही, छापून आल्यावर दिसतं. उपाय दोन: मजकूर युनिकोडमध्ये आणणे, नाहीतर तेवढा शब्द निवडून त्याला वेगळा रोमन फॉन्ट देणे. टंकनासाठी विंडोजवर ऑल्ट दाबून धरून अंकांच्या कीपॅडवर ०२३३ टाकलं की तिरप्या रेघेचा ई येतो; ०२३२ ने उलट रेघेचा, ०२३४ ने टोपीवाला, आणि ०२३१ ने शेपटीवाला सी. कीबोर्डच्या वरच्या ओळीतले अंक चालत नाहीत, नमलॉक चालू हवा. मोबाइलवर ई दाबून धरला की सगळे प्रकार वर येतात.

उच्चारांच्या टिपांमुळे मेरियम-वेब्स्टर माझ्या लेखी पहिल्या रांगेत बसतो. ‘फॉर्ट’ की ‘फॉर्टे’? ‘एखाद्याची हातखंडा गोष्ट’ या अर्थी शब्द फ्रेंचमधून आला, पण इंग्रजांनी त्याला इटालियन संगीतातल्या ‘फोर्ते’सारखा शेवट दिला. एकअक्षरी उच्चार करावा तर लोकांना कळत नाही, द्विअक्षरी करावा तर व्युत्पत्तीवाले नाक मुरडतात, आणि मूळ फ्रेंचमध्ये तर इथे ‘फॉर’ म्हणतात, शेवटचा ट ऐकूच येत नाही. कोश हा गोंधळ प्रामाणिकपणे मांडतो आणि एकावर शिक्का मारायचं टाळतो. ‘कू द ग्रास’मध्ये शेवटचा स बोलायचा असतो; फ्रेंच शब्दांचं शेवटचं व्यंजन गिळायचं असतं एवढाच नियम ऐकलेले लोक ‘ग्रा’ म्हणतात आणि शेवटचा घाव ‘चरबीचा घाव’ होऊन बसतो. एक कुरबुर: मेरियम-वेब्स्टर उच्चार दाखवायला स्वतःची चिन्हं वापरतो, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी नाही. केंब्रिजची सवय झालेल्याला ती चिन्हं वाचताना अडखळायला होतं. ध्वनिफीत ऐका, चिन्हांच्या नादी लागू नका.

‘प्रथम वापर’ म्हणून खाली जे वर्ष दिलेलं असतं, त्याच्याकडेही नीट बघा. ते वर्ष शब्दाचं नसून ठरावीक अर्थाचं असतं आणि कोणत्या अर्थाचं ते शेजारीच लिहिलेलं असतं. त्याहून जुना दाखला उद्या सापडू शकतो.

कॉलिन्स थोडक्यात उरकतो. एकाच पानावर एकाखाली एक असे तीन कोश रचलेले असतात: शिकणाऱ्यांचा कोबिल्ड, ब्रिटिश कोश आणि अमेरिकन वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड. तिन्ही ऑन्ट्रेबद्दल आपापल्या परीने बोलतात. खाली स्क्रोल न करणारा वाचक पहिल्या व्याख्येवर थांबतो आणि पुढची दोन उत्तरं त्याला दिसतच नाहीत.

गूगलच्या चौकटीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. तिच्याखाली ‘ऑक्सफर्ड लँग्वेजेस’ असं लिहिलेलं असतं म्हणून लोक समजतात की हाच तो ऑक्सफर्डचा महाकोश. तसं नाही. तो मजकूर ऑक्सफर्डच्या आजच्या वापराच्या कोशातला असतो. महाकोश वेगळा, वर्गणीचा. हाच चालू वापराचा कोश पूर्वी ‘लेक्सिको’ नावाच्या स्वतंत्र स्थळावर होता, ते २०२२ मध्ये बंद झालं. मॅकमिलनचा ऑनलाइन कोशही २०२३ मध्ये मिटला. जुन्या ‘उपयुक्त दुव्यां’च्या याद्यांमधून ही दोन नावं खोडायला हरकत नाही.

आता महाकोश, म्हणजे ओईडी. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम संपलं १९२८ मध्ये. दुसरी आवृत्ती १९८९ ची, वीस खंडांची. संपादक जेम्स मरे यांनी पहिल्या आवृत्तीत परक्या शब्दांसाठी एक खूण ठेवली होती: मथळ्याआधी दोन उभ्या रेघा, म्हणजे हा शब्द इंग्रजीत अजून पाहुणा आहे. फ्रेंच शब्दांच्या अभ्यासकाला या रेघा म्हणजे खजिना. एखाद्या ग्रंथालयात छापील खंड असतील तर त्यांत बघून घ्या, त्या काळच्या संपादकाला कोणता शब्द घरचा वाटला आणि कोणता नाही.

ऑनलाइन ओईडीत प्रत्येक अर्थाखाली काळाच्या क्रमाने उताऱ्यातली वाक्यं असतात आणि हीच त्याची किंमत आहे. शब्द फक्त फ्रेंचमधून आला की अंशतः लॅटिनमधूनही, हे व्युत्पत्तीच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रगत शोधात भाषा फ्रेंच आणि ठरावीक काळ निवडला की त्या काळात आलेल्या शब्दांची यादी मिळते. वापराची वारंवारता एक ते आठ अशा पट्ट्यांत दाखवतात.

पण प्रत्येक नोंद ताजी नसते. तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे आणि पुनर्लेखन न झालेल्या नोंदीत शंभर वर्षांपूर्वीची व्याख्या जशीच्या तशी असू शकते. नोंदीचा इतिहास उघडून ती शेवटची केव्हा सुधारली ते बघितल्याशिवाय तिथला ‘विरळ’ किंवा ‘आता वापरात नाही’ हा शेरा छापू नका. वर्गणी कोणी भरावी? एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी गद्य मराठीत आणणाऱ्याने आणि शब्दकोशाचं काम करणाऱ्याने. बाकीच्यांनी आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना तर तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सदस्यक्रमांकावर तो घरबसल्या फुकट उघडतो.

ज्यांना फक्त ‘शब्द केव्हा आणि कुठून’ एवढंच हवं, त्यांना एटिमॉनलाइन पुरेल. डग्लस हार्पर यांनी उभारलेलं हे स्थळ फुकट आहे, वाचायला सुटसुटीत आहे. उच्चार आणि आजचा वापर मात्र तिथे शोधू नका. त्याच्या मदतीने एक गोष्ट पडताळून बघण्यासारखी आहे. फ्रेंचमधून आलेल्या शब्दात सीएच चा उच्चार ‘च’ असेल तर शब्द बहुधा मध्ययुगात आलेला असतो: चीफ, चेअर, चेन, चेस. ‘श’ असेल तर तो नंतरचा: शेफ, मशीन, शोफर, ब्रोशर. चीफ आणि शेफ हा तर एकच शब्द दोनदा आलेला. जुन्या फ्रेंचमध्ये तो उच्चार ‘च’ होता, पुढे फ्रेंचने तो बदलला, इंग्रजीने आधी उचललेले शब्द तसेच ठेवले. शेवटच्या ‘एज’चंही असंच: व्हिलेज आणि कॅबेज जुने, मसाज आणि सॅबोटाज नवे.

कोणालाही भर घालता येणाऱ्या विक्शनरीवर नाक मुरडायची पद्धत आहे. मला ती इथे अन्यायाची वाटते. ऑन्ट्रेखाली प्रदेशांच्या खुणा तिथे काही छापील कोशांपेक्षा नेमक्या आहेत. मात्र व्युत्पत्तीला दाखला जोडलेला नसेल तर ती धरू नये, आणि शंका आली तर पानाचा इतिहास उघडून बदल कधी, कसा झाला ते बघावं.

उरला फ्रेंच बाजूचा कोश, आणि हीच पायरी लोक गाळतात. इंग्रजीत ‘फ्रेंच’ म्हणून मिरवणारे कितीतरी शब्द फ्रेंच माणूस त्या अर्थाने वापरत नाही. ‘डबल आँताँद्र’ला (द्व्यर्थी बोलणं) आजच्या फ्रेंचमध्ये ‘दुब्ल आँताँत’ म्हणतात. ‘बाँ व्हिव्हर’ (खाण्यापिण्याचा शौकीन) ही इंग्रजांची घडण. फ्रेंच लोक ‘बाँ व्हिव्हाँ’ म्हणतात. गाणं संपल्यावर इंग्रज श्रोते ‘आँकोर’ ओरडतात, फ्रेंच ‘बिस’. नोकरीच्या अर्जाबरोबरच्या कागदाला फ्रान्समध्ये ‘सेव्हे’ म्हणतात. ‘रेझुमे’ म्हणजे तिथे नुसता सारांश. इंग्रजीत ब्रा या अर्थी येणारा ‘ब्रासिएर’ तिथे तान्ह्या मुलाची बंडी असते. फ्रेंच पात्राच्या तोंडी हे शब्द इंग्रजी अर्थाने घातले की जाणकार वाचक हसतो.

यासाठी ‘ट्रेझोर’. सोळा खंड, १९७१ ते १९९४, सुमारे एक लाख शब्द, आणि फ्रान्सच्या नॅन्सी शहरातल्या सीएनआरटीएल या राष्ट्रीय भाषासाधन केंद्राच्या स्थळावर पूर्ण फुकट. नोंदीच्या शेवटी व्युत्पत्ती आणि इतिहासाचा परिच्छेद असतो, वर समानार्थी शब्दांचा वेगळा टॅब. अडचण अशी की सगळं फ्रेंचमध्ये आहे आणि ब्राउझरचं भाषांतर त्यातल्या संक्षेपांशी अडखळतं. चार संक्षेप ओळखता आले तरी काम भागतं: ‘व्हीएक्स’ म्हणजे कालबाह्य, ‘व्हिएयी’ म्हणजे जुनाट होत चाललेला, ‘फाम’ म्हणजे घरगुती बोलीतला, ‘पेज’ म्हणजे तुच्छतादर्शक. दुसरं, हा कोश बंद झालेला आहे, त्यात भर पडत नाही. खंड निघाले तेव्हाचं फ्रेंच त्यात आहे. आजचा वापर लारूस किंवा रोबेरमध्ये पडताळावा, दोन्हींच्या ऑनलाइन नोंदी फुकट दिसतात.

फ्रेंच अकादमीचा कोश याला उत्तम जोड आहे. पहिली आवृत्ती १६९४ ची, नववी २०२४ मध्ये पूर्ण झाली, आणि सगळ्या आवृत्त्या एकाच स्थळावर आहेत. एखादा शब्द आवृत्तीगणिक कसा बदलला ते तिथे माऊसच्या एका टिचकीत दिसतं. इंग्रजीतला ‘कॉनसर’ (जाणकार रसिक) ओआय ने का लिहितात आणि आजचा फ्रेंच शब्द एआय ने का, याचं उत्तर तिथे मिळतं: पाचव्या, १७९८ च्या आवृत्तीत ओआय आहे, सहाव्या, १८३५ च्या आवृत्तीत एआय. इंग्रजीने शब्द आधी उचलला होता, फ्रेंचांनी नंतर स्पेलिंग बदललं.

पुस्तकांत एखादा शब्द किती वेळा येतो ते दाखवणाऱ्या गूगलच्या एनग्रॅम आलेखाचा आधार घेणाऱ्यांना एक सूचना. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांचे आलेख वेगवेगळे काढता येतात ही सोय चांगली आहे, पण स्कॅन करताना रेघवाला ई अनेकदा साधा ई म्हणून वाचला जातो. त्यामुळे ‘रेझुमे’च्या साध्या रूपाचा आलेख काढला तर त्यात ‘पुन्हा सुरू करणे’ हे क्रियापदही मोजलं जातं. असे शब्द एकटे शोधू नका, आधी-नंतरचा एखादा शब्द जोडून पूर्ण वाक्प्रचार टाका.